चिंगीचे दात आणि दाराची चौकट

चिंगीने पहिल्या वर्षात आमच्या घरात दोनदा दातांचा धुमाकूळ घातला. एकदा एप्रिल-मेमध्ये, आम्ही सगळे घरात असताना. दुसऱ्यांदा जूनच्या शेवटी, शाळा सुरू झाल्यावर, घरात कुणीच नसताना. बघणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसायचं: लाकडाच्या ढलप्या, चिंध्या आणि मधोमध बसलेली कुत्री. पण कारणं निराळी होती, आणि पहिल्या वेळी जे लागू पडलं त्याचा दुसऱ्या वेळी काडीचाही उपयोग झाला नाही. हे सविस्तर लिहितेय, कारण ‘सगळं कुरतडतं’ या एवढ्याच कारणापायी घरी आणलेलं पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडून देणारे लोक मी आमच्याच वस्तीत पाहिलेत. वाईट वाटतं. थोडा धीर धरला असता तर त्यातली बरीचशी कुत्री आज घरात असती.

चिंगी देशी आहे. नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला बांधकामाच्या रेतीआड एका कुत्रीने थंडीत पिलं दिली होती. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिलं बहुतेक पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यातच होतात. त्यातलं एक पिल्लू लेकीच्या हट्टाने आणि माझ्या छुप्या पाठिंब्याने फेब्रुवारीत घरी आलं. लस झाली, जंताचं औषध झालं, आणि होळीपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

एप्रिलात दिवाणाच्या पायापासून सुरुवात झाली. मग चपला, लेकीची लाकडी पट्टी, गादीचा कोपरा, उशीचा अभ्रा. हिरड्यांतून थोडं थोडं रक्त यायचं, उशीवर गुलाबी डाग दिसायचे, म्हणून मी घाबरून डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी तिचे ओठ वर करून मला दाखवलं: समोरचा एक दात हलत होता आणि त्याच्या मागून नवीन, रुंद, पांढराशुभ्र दात डोकावत होता. पिलाला २८ दुधाचे दात असतात. तीन-साडेतीन महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांची होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. एवढे सगळे दात त्या इवल्याशा जबड्यातून वर येताना हिरड्या किती ठणकत असतील! काहीतरी दाताखाली धरून दाबलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मॅडम म्हणाल्या, “ताई, चावणं बंद नाही होणार. ते व्हायलाही नको. काय चावायचं ते तुम्ही तिला द्या.”

त्या दिवसापासून मी चावण्याकडे खोडी म्हणून पाहणं सोडलं. कुत्र्याला हात नाहीत. नवी वस्तू काय आहे हे ते तोंडानेच तपासतं. कंटाळा आला तर चावतं, भूक लागली तर चावतं, भीती वाटली तरी चावतं, आणि मन शांत करायलाही चावतं. मोठ्या कुत्र्याने अचानक माती, कापड, भिंतीचा चुना असलं काही खायला सुरुवात केली तर पोटात जंत, रक्त कमी होणं किंवा दुसरा काही आजार असू शकतो, तेव्हा आधी तपासणी. आमच्याकडे तसं काही नव्हतं. आमच्याकडे दात होते आणि नागपूरचा उन्हाळा होता.

उन्हाळ्याचा भाग नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, आणि सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर कुत्र्याला चालवणं म्हणजे त्याचे पंजे भाजणं. मी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायची. मला क्षणभरही धरवत नसेल तर तिलाही नाही नेणार. म्हणजे पहाटे साडेपाचला एक फेरी आणि रात्री आठनंतर दुसरी. मधले चौदा-पंधरा तास ती चार भिंतींच्या आत, कूलरसमोर. अंगात रग भरलेली आणि वर हिरड्यांची ठणक. दिवाणाच्या पायाचं आणखी काय होणार?

सगळ्यात आधी आम्ही कूलरकडे बघितलं, कारण खरा धोका तिथे होता. आमचा कूलर हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो, पण पंप आणि पंख्याची वायर आत येऊन जमिनीलगतच्या प्लगला लागते. खालची फरशी कायम थोडी ओलसर. चिंगी आधीच बाहेरून खसाची कड उचकटून खेळायला लागली होती, पुढचा नंबर वायरचाच होता. नवऱ्याने इलेक्ट्रिशियन बोलावून वायर पीव्हीसी पाइपातून भिंतीवर उंच नेली आणि प्लगही वर घेतला. वायर चावल्यावर करंट लागला तर तोंड भाजतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि वरून ठीकठाक दिसणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसांत काही तासांनी पाणी साचू शकतं. म्हणून असं झालंच तर आधी मेन स्विच बंद करायचा, मगच कुत्र्याला हात लावायचा, आणि ते चालतंफिरतं असलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं.

मग घर आवरणं. चपला स्टँडवर, स्टँड दाराआड. मोबाइलचे चार्जर वर. बेडरूमच्या दारात नवऱ्याने प्लायचा गुडघाभर उंच पल्ला बसवला. आम्ही नजर ठेवू शकत नसू तेव्हा चिंगी हॉलच्या एका भागात राहायची, जिथे तिच्या वस्तूंखेरीज दाताला लागेल असं काही नव्हतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय बाकी काही टिकत नाही. रोज दिवाणाचा पाय चावायला मिळाला तर तो पाय चावणं ही तिची रोजची सवय होते, आणि दात येऊन झाले तरी सवय उरते.

शेजारच्या काकूंनी मायेने सांगून पाहिलं, “अवं बाई, भिवापुरी मिरचीची पूड लाव न त्या पायाले. एकदा तोंड पोळलं की पुन्हा जवळ येईन तं सांग मले.” मी नाही लावली. ती पूड नाकात, डोळ्यांत जाते, पंजाला लागून पुन्हा डोळ्यांत जाते, आणि हिरडीचं दुखणं आहे तिथेच राहतं. बाजारात कडू चवीचे स्प्रे मिळतात, ते काही कुत्र्यांना चालतात. चिंगीला तीन-चार दिवस चालले, मग ती कडू पायही आवडीने चावायला लागली.

उपयोग झाला तो गारव्याचा. जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट पिळून, गाठ मारून, पाण्यात भिजवून फ्रीझरमध्ये. ती समोर बसून चावू द्यायची आणि धागे सुटायला लागले की काढून घ्यायची. जाडजूड गाजर अख्खं गोठवून. आणि रबराचं पोकळ खेळणं, काँगसारखं, त्यात मऊ भात, दही आणि थोडं उकडलेलं चिकन भरून गोठवलेलं. दुपारी एकच्या सुमाराला, ती सगळ्यात जास्त सैरभैर व्हायची त्या वेळी, हे दिलं की ती अर्धा-पाऊण तास चाटत, चावत बसायची आणि तशीच तिथे झोपून जायची. पिलांना झोपही भरपूर लागते, दिवसाचे अठरा-अठरा तास. लेकीच्या मैत्रिणी आल्या, दंगा झाला, झोप मोडली की त्या संध्याकाळी चावणं हमखास वाढलेलं असायचं.

चावायला काय देऊ नये हेही इथेच सांगते. शिजवलेली हाडं नाही, कधीच नाही. रविवारी सावजी मटण आणलं की पाहुण्यांचे हात आपोआप ताटाखाली जातात, पण शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. शिवाय त्या रश्शात कांदा-लसूण असतो, तोही कुत्र्याला विषारी. फार कठीण वस्तूही नको, शिंग, खूर वगैरे. नखाने दाबून बघायचं, थोडीही खूण उमटत नसेल तर त्यावर दात तडकू शकतो. चामड्याच्या हाडकांचे तुकडे गिळले तर अडकतात. जुनी चप्पल खेळायला देऊ नये, कारण जुनी चप्पल आणि कालच बर्डीवरून आणलेली सँडल यांतला फरक तिला कळायचं काही कारण नाही. आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय! आम्ही रस काढायला बसलो की कोयींचं पातेलं आधी उंचावर जातं. कोय गुळगुळीत असते, कुत्रं ती सहज गिळतं, आणि ती आतड्यात अडकली की ऑपरेशनच. पावसाळ्यात तीच गोष्ट खाऊन फेकलेल्या भुट्ट्याच्या कणसाची. कुत्रं सारखं ओकत असेल, खात नसेल, शी होत नसेल, पोटाला हात लावू देत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. आणि काही गिळलं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या मिठानेच कुत्रं दगावू शकतं.

रस्त्यावर खर्ऱ्याच्या पन्न्या. नागपुरात कुठल्याही पानटपरीजवळून जाताना चिंगीचं नाक तिकडेच. सुपारी, तंबाखू आणि वर प्लास्टिक, तिन्ही वाईट. तिथे उपयोगी पडला तो ‘दे’ हा शब्द, आणि तो शिकवण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला.

तोंडातून वस्तू ओढून घेतली की कुत्रं दोन गोष्टी शिकतं: माणूस जवळ आला की पळायचं, किंवा पटकन गिळून टाकायचं. म्हणून आम्ही अदलाबदल सुरू केली. तिच्याकडे तिचंच खेळणं असताना नाकासमोर चिकनचा तुकडा धरायचा. तोंड उघडलं की ‘दे’ म्हणायचं, तुकडा द्यायचा, आणि खेळणं परत तिलाच द्यायचं. ‘दे’ म्हणजे काही जात नाही, उलट मिळतंच, हे तिच्या अंगवळणी पडलं. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात नवऱ्याचा मोजा तोंडात धरून उभी होती, अर्धा आत, अर्धा बाहेर. मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच ठेवून खाली बसले, हात पुढे केला, “चिंगी, दे.” ती माझ्याकडे बघत राहिली, शेपटी एकदा हलली, आणि ओला मोजा माझ्या पिठाच्या हातावर पडला. मी तिला तव्यावरची गरम पोळी फुंकर मारून दिली. तेव्हापासून ती वस्तू पळवत नाही, आणून दाखवते.

फिरण्याची कसर नाकाने भरून काढली. जेवण ताटलीत देणं जवळजवळ बंद केलं. जुन्या टॉवेलात दाणे पसरून गुंडाळी, पिना आणि चिकटपट्टी काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यांत दाणे, कधी घरभर लपवलेले. पंधरा मिनिटं हुंगून हुंगून शोधलं की ती लांब फिरून आल्यासारखी थकते. खोका फाडते, मनसोक्त फाडते, आणि फाडू द्यावा. तो फाडण्यासाठीच दिलेला असतो.

मेच्या शेवटी दिवाणाखाली झाडताना तिचा एक दुधाचा दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीचे बहुतेक तिने गिळले असणार, पिलं गिळतातच, त्याने काही होत नाही. जूनच्या मध्याला सुळे पूर्ण आले आणि घरात शांतता झाली.

मग शाळा उघडली.

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे सुरू होतात. मी शिक्षिका, लेक त्याच शाळेत, नवरा ऑफिसात. म्हणजे दोन महिने चोवीस तास माणसांत राहिलेली चिंगी त्या सोमवारी सकाळी एकदम एकटी. दुपारी कुलूप उघडलं तर दार पुढे सरकेना, मागे पायपुसण्याच्या चिंध्या अडकल्या होत्या. सागाच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीपासून कडीपर्यंत, दातांच्या उभ्या खाचा. ढलप्यांवर वाळलेल्या लाळेचा पांढरट थर, आणि एका ठिकाणी रक्त. चपलांचा स्टँड शेजारीच होता, त्या दिवशी घाईत उघडाच राहिलेला. एकाही चपलेला तिने तोंड लावलं नव्हतं. गोठवलेलं खेळणं जसंच्या तसं, दही वितळून फरशीवर. आणि ती माझ्या पायांत शिरून थरथरत होती.

दातांचा त्रास संपलेला, खेळणी समोर, खाणं समोर, आणि तरी फक्त दार. दुसऱ्या दिवशी जुना मोबाइल कपाटावर रेकॉर्डिंगला लावून गेले. ते बघताना माझे डोळे भरून आले. आमची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ती खिडकीकडे धावली, मग दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. पाच मिनिटांत धापा, मग मान वर करून लांबलचक रडणं, मग दाराला पंजे, मग दात. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासातच. रिकाम्या वेळेचा कंटाळा असा नसतो. कंटाळलेलं कुत्रं आधी झोपून घेतं, मग उठून जे सापडेल त्यात रमतं. भेदरलेलं कुत्रं बाहेर पडायची वाट उकरतं, म्हणून खुणा दार-खिडक्यांपाशी असतात, आणि समोरचं आवडतं खाणंही त्याला गोड लागत नाही. डॉक्टर मॅडमनी व्हिडिओ बघून हेच सांगितलं: हा एकटेपणाच्या भीतीचा त्रास आहे.

नवरा पहिल्या दिवशी तिला ओरडला होता. ती कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात गेली, आणि तो म्हणाला, “बघ, तिला कळतंय तिने काय केलंय.” आपल्या सगळ्यांना असंच वाटतं. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा दिसायचा. चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतो. तासांपूर्वी चावलेल्या लाकडाचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसं जातात तेव्हा भीती वाटते आणि परत येतात तेव्हा ओरडतात. भीती दुप्पट. नवऱ्याने हे वाचलं आणि त्यानंतर तो ओरडला नाही.

पिंजऱ्यात ठेवा, असंही दोघा-तिघांनी सुचवलं. अशा भेदरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडलं तर ते गज चावून दात आणि नखं मोडून घेऊ शकतं. दुसरं कुत्रं आणल्यानेही बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण त्याला आपली माणसं हवी असतात.

उपचार दोन बाजूंनी चालला. पहिली बाजू म्हणजे सराव चालू असेपर्यंत तिला एकटं ठेवायचंच नाही. हे कसं जमवायचं, हा मोठा प्रश्न होता. सासूबाई काटोलहून येऊन राहिल्या, त्या नसतील तेव्हा शेजारच्या काकू. मिरचीची पूड सुचवणाऱ्या त्याच काकूंनी महिनोन्महिने रोजचं निवडणं-टिपणं आमच्या हॉलमध्ये आणून केलं. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

दुसरी बाजू सराव. संध्याकाळी मी पर्स उचलायची आणि परत ठेवून द्यायची. किल्ल्या वाजवायच्या आणि भाजी चिरायला बसायचं. चपला घालून टीव्ही बघायचा. या खुणांचा आणि आमच्या जाण्याचा बांधलेला धागा आधी सैल करायचा होता. मग दार उघडून लावायचं. मग बाहेर एक पाऊल आणि लगेच आत. मग पाच सेकंद, वीस सेकंद, मिनिट. सगळं मोबाइलवर बघत, आणि ती धापा टाकायला लागायच्या आत परतायचं. हे ‘आत’ महत्त्वाचं. ती घाबरेपर्यंत बाहेर थांबलं तर सराव उलटा पडतो. कधी एक मिनिट छान गेलं की दुसऱ्या दिवशी तीस सेकंदांवर यावं लागायचं. जाताना लाडिक निरोप नाही, आल्यावर गळाभेटीचा सोहळा नाही, साधं “आले गं” एवढंच. पहिला अर्धा तास पार पडायला सगळ्यात जास्त काळ लागला. त्यानंतर वेळ भराभर वाढत गेली.

मॅडमनी हेही सांगितलं होतं की त्रास फार असेल तर औषधाची जोड देतात. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं अमेरिकेत कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्य आहेत. आम्हाला गरज पडली नाही, पण ज्यांना पडते त्यांनी कमीपणा मानू नये. फक्त डोस पशुवैद्यांनीच ठरवायचा, माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा देऊन बघायचा नाही. ओळखीचे डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथे विचारता येतं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत चिंगी शाळेची सकाळची पाळी एकटीने काढायला लागली. रेकॉर्डिंगमध्ये ती दाराशी दोन मिनिटं बसते, मग गोठवलेल्या खेळण्याकडे वळते. खाणं खायला लागली, यावरून मला कळलं की भीती उतरली. चौकटीला सुताराकडून नवी पट्टी ठोकून घेतली, त्यावर अजून दाताची खूण नाही.

फटाक्यांचं मात्र वेगळं आहे. धनतेरसच्या रात्री पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि तिने बाथरूमच्या दाराचा खालचा कोपरा धरला, आम्ही सगळे घरात असताना. हे तिसरं कारण, आवाजाची भीती. त्या चार रात्री मधल्या खोलीच्या खिडक्यांवर जाड गोधड्या टांगल्या, पंखा आणि टीव्ही मोठ्याने लावला, आणि मी तिच्याजवळ चटईवर झोपले. फटाक्यांचे आवाज हळू आवाजात ऐकवून सवय करायची असते, पण ती आधी दोन-तीन महिने, ऐन दिवाळीत नव्हे. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तेच हातात घेणार आहोत. डॉक्टर मॅडमना तशी वेळ मागून ठेवली आहे.